घराचा भाव ठरतो तरी कसा? ठाणे-नवी मुंबईच्या वाचकांचे प्रश्न

ठाणे जिल्ह्यातील घरांच्या किमतींविषयी आलेल्या पत्रांपैकी काहींना या अंकात उत्तरे देत आहे. जागेअभावी पत्रे आटोपशीर केली असून पत्रलेखकांची नावे त्यांच्याच इच्छेवरून छापलेली नाहीत. २०१४ मध्ये पालघर वेगळा झाल्यानंतर उरलेल्या या जिल्ह्यातही ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, मीरा-भाईंदर, भिवंडी-निजामपूर आणि उल्हासनगर अशा सहा महापालिका आहेत; शिवाय अंबरनाथ, कुळगाव-बदलापूर या नगरपरिषदा आणि मुरबाड-शहापूरकडचा मोठा ग्रामीण पट्टा आहे. त्यामुळे ‘ठाणे जिल्ह्यात सध्या काय भाव चालू आहे?’ असे विचारणाऱ्या पत्रांना उत्तर देता आलेले नाही. असा भाव अस्तित्वातच नाही.

प्रश्न : आमचे घर डोंबिवली पूर्वेला, फडके रस्त्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर, तळमजला अधिक तीन मजल्यांच्या जुन्या इमारतीत आहे. लिफ्ट नाही. ठाण्याकडे भाव चढल्याचे सतत वाचनात येते, निर्देशांकाचे आकडेही वर जाताना दिसतात. आमच्याकडे येणारी गिऱ्हाइके मात्र दोन वर्षांपूर्वीच्याच भावात घर मागतात. उलट दोन गल्ल्या पलीकडच्या तितक्याच जुन्या इमारतीतले घर बरेच चढ्या किमतीला गेले. आकडे खोटे आहेत की आम्हाला कोणी फसवत आहे? (एक गृहिणी, डोंबिवली)

उत्तर : दोन्ही शक्यता सोडून द्याव्यात. आपण ज्या निर्देशांकाविषयी वाचले तो बहुधा राष्ट्रीय आवास बँकेचा ‘रेसिडेक्स’ असावा. देशातील पन्नास शहरांसाठी तो दर तिमाहीला काढला जातो आणि त्यात ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली व मीरा-भाईंदर यांचे आकडे वेगवेगळे असतात. २०१७-१८ हे पायाभूत वर्ष धरून त्या वर्षीची पातळी १०० मानलेली आहे, त्यामुळे हा आकडा एखाद्या शहराची तुलना त्याच शहराच्या भूतकाळाशी करतो. दोन शहरांपैकी एकाचा निर्देशांक १२० आणि दुसऱ्याचा १३० असला म्हणजे दुसऱ्या शहरातील घरे महाग आहेत, असे होत नाही. तेथील भाव २०१७-१८ पासून अधिक वेगाने वाढले, इतकेच त्यावरून समजते. वर्तमानपत्री बातमीत हा भेद अनेकदा पुसला जातो.

दुसरी बाब आपल्या इमारतीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. या निर्देशांकाचा एक प्रकार गृहकर्ज देताना बँकांनी केलेल्या मूल्यांकनांवर आधारलेला असतो आणि दुसरा बांधकाम सुरू असलेल्या प्रकल्पांतील भावांवर. म्हणजे ज्या घरांवर बँका सहसा कर्ज देत नाहीत, ती घरे या मोजणीत जवळजवळ येतच नाहीत. जुन्या चाळी, परवानगीविना उभ्या राहिलेल्या इमारती आणि आयुष्य संपत आलेल्या इमारती ही अशी घरे आहेत, आणि आपल्या जिल्ह्यात ती थोडीथोडकी नाहीत. शहराचा आकडा वर जात असताना शहरातील एका मोठ्या भागाचा भाव जागच्या जागी असू शकतो आणि त्यात कोणाचीही लबाडी नसते.

आता दोन गल्ल्यांमधील फरकाकडे वळू. डोंबिवली, कल्याण किंवा नौपाडा येथील चाळीस वर्षांच्या इमारतीत घर घेणारा माणूस भिंतींसाठी फारसे पैसे मोजत नाही. तो जमिनीतला वाटा आणि पुनर्विकासात मिळू शकणारे वाढीव चटईक्षेत्र विकत घेत असतो. मुंबई वगळता राज्यातील बहुतेक शहरांना डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार एखाद्या भूखंडावर किती बांधकाम करता येईल, हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर बरेचसे अवलंबून असते. सहा मीटरच्या गल्लीतील इमारत आणि बारा मीटरच्या रस्त्यावरील इमारत वयाने आणि रूपाने सारख्या असल्या, तरी विकासकाच्या हिशेबात त्यांच्यात मोठी तफावत असते. त्यानंतर प्रश्न येतो तो जमिनीच्या मालकीचा. ज्या सोसायटीने अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स), निदान मूळ मालक सही करत नसल्यास सरकारी आदेशाने मिळणारे मानीव अभिहस्तांतरण, करून जमीन आपल्या नावावर घेतली आहे, तिच्याशी विकासक बोलणी करतो; जिची जमीन अजून मूळ मालकाच्या वारसांच्या नावावर आहे, तिच्या दारातून तो परत जातो. माझ्या अंदाजाने दोन गल्ल्या पलीकडच्या त्या सोसायटीने रस्ता आणि कागद या दोन्हींपैकी एकात तरी आपल्यावर आघाडी घेतलेली असणार. रस्ता आपल्या हाती नाही. अभिहस्तांतरणाचा विषय मात्र पुढच्याच सर्वसाधारण सभेत मांडता येईल.

प्रत्यक्ष भाव कळण्यासाठी दलालाच्या तोंडच्या आकड्यावर किंवा जाहिरातीतील अपेक्षित किमतीवर विसंबू नये. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर जिल्हा, गाव, वर्ष आणि मिळकत क्रमांक देऊन नोंदलेले दस्त शोधता येतात. त्यांची जी ‘सूची क्रमांक दोन’, म्हणजे बोलण्यातली ‘इंडेक्स टू’, तीत प्रत्यक्ष मोबदला, शासकीय बाजारमूल्य, क्षेत्रफळ आणि दस्ताची तारीख दिलेली असते. आपल्या आणि शेजारच्या चार-पाच इमारतींचे गेल्या दोन वर्षांतील व्यवहार वहीत उतरवून घ्यावेत. नात्यातील व्यवहार आणि बक्षीसपत्रे बाजूला काढावीत, पार्किंगसह झालेली विक्री वेगळी मांडावी आणि प्रत्येक वेळी क्षेत्रफळ चटईचे (भिंतींच्या आतले) की बांधीव (भिंतींसह) हे तपासून घ्यावे. एवढे केल्यावर हाती येणारा भाव कोणत्याही निर्देशांकापेक्षा आपल्या घराच्या अधिक जवळचा असेल.

प्रश्न : चटईक्षेत्र, बांधीव क्षेत्र आणि सुपर बिल्टअप यांपैकी कोणत्या क्षेत्रफळाने भाव विचारावा? (एक निवृत्त शिक्षक, कळवा)

उत्तर : केवळ चटईक्षेत्राने. स्थावर संपदा कायदा, म्हणजे ‘रेरा’, १ मे २०१७ पासून पूर्णपणे अमलात आल्यानंतर नव्या प्रकल्पातील घर चटईक्षेत्रावरच विकावे लागते. जुन्या घरांच्या करारात मात्र बांधीव किंवा सुपर बिल्टअप (जिना-लिफ्टसारख्या सामाईक जागांच्या वाट्यासह मोजलेले) क्षेत्र लिहिलेले आढळते, त्यामुळे पुनर्विक्रीच्या घराचा प्रति चौरस फूट भाव नव्या घरापेक्षा कमी भासतो. शक्यतो फीत घेऊन जावे आणि खोल्या मोजाव्यात. विक्रेत्याला राग आला तर येऊ द्यावा.

प्रश्न : माझा पुतण्या घणसोलीत घर घेत आहे. सेक्टरमधील इमारतीत जो भाव सांगतात, त्याच्या जवळपास निम्म्या भावात रस्त्यापलीकडच्या गावठाणातील नव्या इमारतीत फ्लॅट मिळतो. स्टेशन तेच, बाजार तोच, बांधकामही दिसायला चांगले. इतकी तफावत का, आणि ती कधी भरून निघेल का? (एक वाचक, ऐरोली)

उत्तर : या प्रश्नात नवी मुंबईचा अर्धा इतिहास दडलेला आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना १९७० मध्ये झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनींवर नवे शहर आखले गेले. भातशेती आणि मिठागरे गेली, गावठाणे मात्र जागच्या जागी राहिली आणि त्यांच्याभोवती सेक्टर उभे राहिले. मोबदल्याविषयीच्या असंतोषातून दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये झालेल्या आंदोलनात गोळीबार होऊन शेतकऱ्यांचे प्राण गेले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड प्रकल्पग्रस्तांना देण्याची योजना त्या संघर्षाची फलश्रुती होय. भूखंड वाटपात वर्षे गेली, कुटुंबे वाढत राहिली आणि गावठाणालगतच्या, सिडकोने कागदोपत्री संपादित केलेल्या जमिनीवर घरे बांधली गेली. त्यांना ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ म्हणतात. ती नियमित करण्याचे शासननिर्णय वेळोवेळी निघाले आहेत. पुढे या गरजेच्या घरांच्या आडोशाने विक्रीसाठी बांधलेल्या बहुमजली इमारतीही उभ्या राहिल्या आणि आपल्या पुतण्याला दाखवलेला फ्लॅट बहुधा या शेवटच्या प्रकारातला आहे.

म्हणून घणसोली, कोपरखैरणे, ऐरोली यांसारख्या एकाच नोडमध्ये, म्हणजे सिडकोने आखलेल्या उपनगरात, किमान चार वेगवेगळे बाजार शेजारी शेजारी नांदतात. निविदेने विकल्या गेलेल्या भूखंडांवरील मोठ्या सोसायट्यांचा भाव सर्वांत चढा असतो. साडेबारा टक्के योजनेच्या भूखंडांवरील इमारती सहसा लहान असतात, पार्किंग अपुरे असते, परंतु सिडको, मूळ भूखंडधारक आणि विकासक यांच्यातील त्रिपक्षीय करार, बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र हे कागद जागेवर असले तर त्यांच्यावर बँका कर्ज देतात आणि भावही बऱ्यापैकी मिळतो. सिडकोने स्वतः बांधलेल्या जुन्या घरांचा भाव पुनर्विकासाच्या आशेवर वरखाली होतो. वाशीतील मोडकळीस आलेल्या इमारतींच्या बाबतीत हे वर्षानुवर्षे दिसले आहे. आणि चौथा बाजार गावठाणातल्या विनापरवाना इमारतींचा.

या चौथ्या बाजारात राष्ट्रीयीकृत बँक सहसा कर्ज देत नाही, त्यामुळे खरेदीदार रोख रक्कम जमवू शकणारेच असतात आणि ते थोडे असतात. गिऱ्हाईक थोडे म्हणून भाव कमी, हे त्या तफावतीचे पहिले कारण. दुसरे कारण असे की घेणाऱ्याला पुन्हा विकतानाही असेच थोडके गिऱ्हाईक मिळणार असते. तिसरे कारण पाडकामाच्या शक्यतेचे आहे आणि ती शक्यता पोकळ नाही. दिघा येथील औद्योगिक विकास महामंडळाच्या जमिनीवरील अनधिकृत इमारतींविरुद्ध उच्च न्यायालयाच्या आदेशाने २०१५ मध्ये कारवाई झाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिका क्षेत्रातील, बनावट परवानग्यांच्या आधारे रेरा नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारती पाडण्याचा आदेश न्यायालयाने दिला, आणि त्यांतील अनेक घरे सामान्य नोकरदारांनी कर्ज काढून घेतलेली होती. यावरून हेही लक्षात घ्यावे की रेरा क्रमांक दिसला म्हणजे काम झाले असे नसते. तो क्रमांक ज्या परवानगीवर मिळाला, ती परवानगी महापालिकेच्या नगररचना विभागाने खरोखर दिली आहे का, हे तेथे जाऊन पाहावे लागते. बांधकामाच्या दर्जाविषयी सांगायचे तर शिळफाट्यावरील विनापरवाना इमारत ४ एप्रिल २०१३ रोजी कोसळली तेव्हा ७४ माणसे गेली. तीही बांधली जात असताना बाहेरून इमारतीसारखीच दिसत होती.

तफावत भरून निघेल का? एखादा शासननिर्णय निघाला की काही महिने भाव उसळतो, हे खरे. परंतु अशा निर्णयांचा रोख प्रकल्पग्रस्ताने स्वतःच्या गरजेसाठी बांधलेल्या घराकडे असतो. त्रयस्थाने विकत घेतलेल्या चौथ्या मजल्यावरील फ्लॅटला त्याचा लाभ मिळेलच, असे गृहीत धरून आयुष्याची पुंजी लावू नये. पुतण्याला याच पैशात साडेबारा टक्क्यांच्या इमारतीतील लहान घर पाहायला सांगावे. तेथे सिडकोची जमीन साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याची असते आणि हस्तांतरणाच्या वेळी सिडकोला शुल्क भरावे लागू शकते, ही रक्कम सौद्याआधीच हिशेबात धरावी. ‘ते नंतर बघू’ असे दलाल म्हणतो, तेव्हा ते नंतर खरेदीदाराने बघायचे असते.

प्रश्न : सिडकोच्या एकाच सोडतीत वाशीचे घर तळोज्याच्या जवळजवळ तिप्पट किमतीला! विटा-सिमेंट तेच ना? (एक अर्जदार, तुर्भे)

उत्तर : विटा-सिमेंट तेच, जमीन निराळी. जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झालेल्या किमतींत तळोज्याची सर्वांत स्वस्त घरे सुमारे २५ लाखांची आणि वाशीची सुमारे ७४ लाखांची होती. उत्पन्नगट वेगवेगळे असल्याने ही तुलना अगदी काटेकोर नाही. तरीही बांधकामाचा खर्च एवढा बदलू शकत नाही, हे उघड आहे. वाशीला १९७३ पासून खाडीपूल आणि १९९२ पासून लोकल आहे, घाऊक बाजारपेठ आहे, मोरबे धरणाचे पाणी आहे, आणि मुख्य म्हणजे तेथे मोकळी जमीन जवळजवळ उरलेली नाही. तळोजा रायगड जिल्ह्यात येतो, भोवती औद्योगिक वसाहत आहे आणि रिकामे भूखंड अजून मुबलक आहेत. सार्वजनिक संस्थेने अल्प उत्पन्न गटासाठीच्या घरातही जमिनीचा बाजारभाव वसूल करावा का, हा आपल्या पत्रातला खरा प्रश्न आहे आणि त्याबाबत मी आपल्याशी सहमत आहे. त्या गटाची उत्पन्नमर्यादा आणि त्या घराचा मासिक हप्ता यांचा मेळ बसत नाही, अशी तक्रार अनेक अर्जदारांनी केली आणि ती रास्त होती.

प्रश्न : वडिलांच्या पश्चात नौपाड्यातील फ्लॅट आम्हा तिघा भावंडांकडे आला. धाकट्या भावाला तो ठेवून घ्यायचा आहे आणि ‘रेडी रेकनर हाच सरकारी भाव’ असे म्हणून त्या दराने तो आम्हाला वाटे देऊ पाहतो. थोरल्या ताईला हे मान्य नाही. मी मध्ये अडकलो आहे. (एक वाचक, ठाणे पश्चिम)

उत्तर : ताईंचे म्हणणे तपासून पाहण्याजोगे आहे, भावाचे मात्र तत्त्वतःच चुकते. वार्षिक बाजारमूल्य दर तक्ता, म्हणजे रेडी रेकनर, मुद्रांक शुल्क आकारण्यासाठी तयार केला जातो. शहराचे विभाग व उपविभाग पाडून प्रत्येकासाठी मोकळी जमीन, निवासी सदनिका, कार्यालय, दुकान अशा वर्गवारीने एकेक दर दिलेला असतो. त्या उपविभागातील तलावपाळीकडे उघडणारी खिडकी आणि कचराकुंडीकडे उघडणारी खिडकी या दोघींना दर एकच. इमारतीच्या वयानुसार घसारा आणि लिफ्ट असलेल्या इमारतीत वरच्या मजल्यांसाठी वाढ, एवढे फेरफार होतात. सोसायटीचा कारभार, पाणी, पार्किंग, पुनर्विकासाचा झालेला करार यांची दखल तो घेत नाही आणि घेऊही शकत नाही.

शिवाय हा तक्ता बाजाराबरोबर दरवर्षी चालत नाही. २०२२ नंतर सलग दोन वर्षे दर जैसे थे ठेवले गेले आणि १ एप्रिल २०२५ रोजी एकदम वाढवले गेले. त्या वेळची सरासरी वाढ ठाणे महापालिका क्षेत्रात ७.७२ टक्के, नवी मुंबईत ६.७५ टक्के, तर मुंबईत ३.३९ टक्के होती. उल्हासनगरात ती ९ टक्के होती. याचा अर्थ उल्हासनगर ठाण्यापेक्षा महाग झाले असा नसून तेथील जुना दर प्रत्यक्ष व्यवहारांच्या अधिक मागे पडला होता, असा लावणे योग्य ठरेल.

नौपाड्यासारख्या भागात चांगल्या इमारतीचा बाजारभाव तक्त्याच्या वर असतो आणि मोडकळीला आलेल्या, वादग्रस्त इमारतीचा खालीही असू शकतो. भावंडांनी मिळून एक, किंवा एकमत होत नसेल तर दोन, नोंदणीकृत मूल्यांककांकडून अहवाल घ्यावा आणि त्यांची सरासरी काढावी. त्यातून बाहेरच्या माणसाला विकताना दलाली आणि इतर खर्च झाला असता तेवढी रक्कम वजा करावी. धाकट्या भावाला ही सवलत देणे न्याय्य आहे, कारण तो खर्च तिघांचाही वाचतो. दस्त करताना मात्र तक्ता पुन्हा समोर येतो. मोबदला आणि तक्त्यातील मूल्य यांपैकी जे अधिक असेल त्यावर मुद्रांक शुल्क लागते, आणि मोबदला त्या मूल्यापेक्षा बराच कमी दाखवला तर विकणाऱ्याच्या भांडवली नफ्याचा हिशेब तक्त्याच्या मूल्यावर होऊ शकतो. हक्कसोडपत्र करायचे की वाटणीपत्र, हे वकिलाच्या सल्ल्याने ठरवावे, कारण दोहोंच्या शुल्कात मोठा फरक पडतो. वडिलांची देखभाल धाकट्याने केली, हे आपण पत्रात ओझरते लिहिले आहे. त्याचे मोल द्यायचे असेल तर ते उघडपणे वेगळे ठरवावे. घराचा भाव मुद्दाम कमी धरून ते दिले तर ताईंना ते कधीच दिसणार नाही.

प्रश्न : २०१८ मध्ये घोडबंदर रस्त्यावर कासारवडवली येथे घर घेतले. मेट्रो येणार म्हणून विक्री लांबवत आहोत. थांबावे का? (एक दाम्पत्य, ठाणे)

उत्तर : आपण घर घेतले तेव्हा विकासकाच्या जाहिरातीत मेट्रोचे चित्र होते का, हे आठवून पाहावे. वडाळा ते कासारवडवली या मेट्रो ४ मार्गाचे भूमिपूजन डिसेंबर २०१६ मध्येच झाले होते. म्हणजे आपण दिलेल्या किमतीत येणाऱ्या मेट्रोचा काही भाग आधीच समाविष्ट होता. आता तीच मेट्रो नव्या खरेदीदाराला पुन्हा पूर्ण किमतीने विकता येणार नाही.

नवी मुंबईचा अनुभव येथे उपयोगी आहे. बेलापूर-पेंधर मेट्रोचे काम मे २०११ मध्ये सुरू झाले आणि ११ किलोमीटरच्या त्या मार्गावर गाडी धावली ती १७ नोव्हेंबर २०२३ रोजी. या काळात खारघर-तळोज्याच्या पट्ट्यात ‘मेट्रोलगत’ म्हणून घरे विकली गेली, आणि सुरुवातीला घेणाऱ्यांनी बारा वर्षे रिक्षाचे भाडे आणि कर्जाचे व्याज दोन्ही भरले. विमानतळाचेही तसेच, पायाभरणी फेब्रुवारी २०१८ ची, व्यावसायिक उड्डाणे डिसेंबर २०२५ ची, आणि विमानतळालगतच्या उलव्याच्या भावातील मोठी चढण या दोन तारखांच्या आधीपासूनची. याउलट ठाणे-वाशी रेल्वे नोव्हेंबर २००४ मध्ये सुरू झाली तेव्हा ऐरोली-घणसोलीला तिचा खरा लाभ पुढच्या काही वर्षांत, त्या मार्गालगत माहिती तंत्रज्ञानाची कार्यालये आल्यावर झाला. स्टेशनाबरोबर नोकऱ्याही आल्या तेथे भाव टिकला, एवढे निरीक्षण मी ठामपणे नोंदवू शकतो.

घोडबंदर रस्त्याची अडचण वेगळी आहे. तेथे पूर्वीच्या कारखान्यांच्या जमिनींवर एवढे मनोरे उभे राहिले आणि राहत आहेत की जुन्या घराच्या मालकाला विकासकाच्या नव्या घरांशी स्पर्धा करावी लागते. विकासक हप्त्यांची सवलत देऊ शकतो, आपण देऊ शकत नाही. नौपाडा-पाचपाखाडीत जमीन संपलेली असल्याने ही स्पर्धा पुनर्विकासापुरतीच राहते. त्यातही मेट्रोचे स्थानक आपल्या इमारतीपासून चालत गाठता येते की पुन्हा शेअर रिक्षा करावी लागते, यावर बराच फरक पडेल. पाण्याच्या टँकरवर सोसायटीचा महिन्याला किती खर्च होतो, हेही हल्ली खरेदीदार विचारतात आणि त्यांनी विचारावेच.

पैशाची निकड नसेल तर विक्रीच्या भावापेक्षा आपल्या संकुलातील घरभाड्यांवर लक्ष ठेवावे. खरेदीचा भाव आशेवर चढतो. भाडेकरू मात्र आज मिळणाऱ्या सोयीचेच पैसे देतो. मेट्रोमुळे भाडी वाढू लागली तर थांबण्यात अर्थ आहे. भाडी जागच्या जागी असतील आणि हप्ता जड होत असेल, तर चांगले गिऱ्हाईक परत पाठवू नये.

प्रश्न : बदलापूर पश्चिमेला नदीकडच्या बाजूचे घर स्वस्त मिळते. दरवर्षी पूर येतो असे नाही. घ्यावे का? (एक वाचक, अंबरनाथ)

उत्तर : दरवर्षी येत नाही, पण २६ जुलै २००५ ला आला आणि २०१९ च्या जुलैतही आला, त्या वेळी वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली होती. पाटबंधारे विभाग नदीकाठी दोन पूररेषा आखतो. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. भूखंड निळ्या रेषेच्या आत असेल तर स्वस्ताईचा विचार सोडून द्यावा. दोन रेषांच्या मधे असेल तर तळमजला व पहिला मजला टाळावा, वाहने आणि वीजमीटर कोणत्या उंचीवर आहेत ते पाहावे आणि २०१९ मध्ये जिन्याच्या कितव्या पायरीपर्यंत पाणी आले होते, हे इमारतीच्या वॉचमनला किंवा शेजारच्या किराणा दुकानदाराला विचारावे. विक्रेत्याला विचारू नये.

प्रश्न : समृद्धी महामार्ग सुरू झाल्यापासून शहापूर तालुक्यातील भूखंडांच्या जाहिराती रोज मोबाइलवर येतात. ‘पाच वर्षांत दुप्पट’ असे सांगतात. निवृत्तीनंतर घर बांधण्यासाठी दहा गुंठे घ्यावेत, असा विचार आहे. (एक बँक कर्मचारी, मुलुंड)

उत्तर : इगतपुरी ते भिवंडीजवळील आमणे हा महामार्गाचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला, हे खरे. मात्र प्रवेश-नियंत्रित महामार्गाचा लाभ तो जेथे चढता-उतरता येतो त्या ठिकाणांना होतो; आपल्या भूखंडाच्या पाठीमागून तो नुसता गेला तर आवाज तेवढा मिळतो. भूखंड आणि आंतरबदल मार्ग (महामार्गावर चढण्या-उतरण्याची जागा) यांच्यातील अंतर जाहिरातीतल्या मिनिटांत न मोजता रस्त्याने किलोमीटरमध्ये मोजावे.

शहरातील घराचा भाव इंडेक्स टूवरून पडताळता येतो, येथे ते अवघड असते, कारण व्यवहार विरळ आणि प्रत्येक जमीन वेगळी. त्यामुळे कागदांवर अधिक भर द्यावा लागतो. आपण शेतकरी खातेदार नसाल तर शेतजमीन आपल्या नावे थेट घेता येणार नाही. भूखंड बिगरशेती झालेला आहे का आणि त्याचा रेखांकन नकाशा मंजूर आहे का, हे तालुक्याच्या ठिकाणी जाऊन पाहावे. सातबारावर भोगवटादार वर्ग २ असा शेरा असेल किंवा जमीन मुळात आदिवासी खातेदाराची असेल, तर सक्षम अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीविना झालेले हस्तांतरण पुढे रद्द होऊ शकते. शहापुरात अशा जमिनी पुष्कळ आहेत, म्हणून तीस वर्षांचे फेरफार, म्हणजे मालकीबदलाच्या नोंदी, काढून वाचावेत. ‘दहा गुंठे’ म्हणून सामाईक सातबाऱ्यावर केवळ नाव चढवून देणारे व्यवहार तर घेऊच नयेत.

आणि पाणी. भातसा, तानसा, वैतरणा यांच्यामुळे शहापूर तालुका मुंबईची तहान भागवतो, तरी त्याच तालुक्यातील पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. भूखंड पाहायला पावसाळ्यात नेण्याची पद्धत आहे, कारण तेव्हा सगळा डोंगर हिरवा असतो. आपण मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात जावे, शेजारच्या विहिरीत डोकावावे आणि गावातल्या कूपनलिका किती फुटांवर लागल्या, त्या आता चालू आहेत का, हे विचारून मगच विसार द्यावा.